घरी शिकणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीला जुने मराठी वाङ्मय आणि निबंधलेखन कसे शिकवावे?

प्रश्न : एक आई, नाशिक

नमस्कार. माझी मुलगी पंधरा वर्षांची असून गेली चार वर्षे तिचे शिक्षण घरीच चालू आहे. पुढच्या वर्षी ती राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, दहावीची परीक्षा मराठी विषय घेऊन देणार आहे. मी अभियंता असल्याने गणित आणि विज्ञान निभावून नेते. मराठीत मात्र माझी शिदोरी शाळेत पाठ केलेल्या निबंधांपलीकडे जात नाही.

आम्ही मोठ्या उत्साहाने हरी नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी वाचायला घेतली, पण नायिका यमूच्या लहानपणाची प्रकरणे संपत आली तोवर मुलीने पुस्तक मिटून ठेवले. वाचलेल्या भागावर निबंध लिही, असे सांगितल्यावर तिने ‘बालविवाह ही समाजाला लागलेली कीड आहे’ अशी सुरुवात केली, मधे कथानक सांगितले आणि ‘म्हणून आपण सर्वांनी जागरूक राहिले पाहिजे’ असा शेवट केला. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, पण कादंबरी न उघडताही तो निबंध कोणालाही लिहिता आला असता, हे मला खटकले. कोणती पुस्तके कोणत्या क्रमाने घ्यावीत, आणि असा निबंध तपासताना नेमके काय सांगावे?

उत्तर : निवृत्त मराठी शिक्षिका, सातारा

आपल्या मुलीने जे लिहिले, ते माझ्या वर्गातल्या चाळीसपैकी पस्तीस मुलांनी लिहिले असते, आणि त्याला आम्ही शिक्षकच जबाबदार आहोत. प्रस्तावना, मुद्दे, समारोप हा साचा आम्ही दिला. त्यात विषय कोणताही ओतला तरी चालतो, हे मुलांच्या लवकर ध्यानात येते.

तूर्त निबंध हा शब्दच बाजूला ठेवावा आणि तिच्याकडून एकच परिच्छेद मागावा. त्यात एक विधान असावे, पण ज्याला दुसरा वाचक ‘मला तसे वाटत नाही’ म्हणू शकेल असे, आणि त्याच्या आधारासाठी पुस्तकातल्या दोन जागा दाखवलेल्या असाव्यात. बालविवाह वाईट, याला विरोध करणारा माणूस घरात भेटणार नाही; म्हणून ते विधान निबंधाच्या कामाचे नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रावर माझ्या एका विद्यार्थिनीने ‘लेखिका विनोदी आहे’ एवढेच लिहून आणले होते. मी तिला सोवळ्याच्या वेडाने घर वेठीला धरणाऱ्या वडिलांचा भाग पुन्हा वाचायला लावला आणि विचारले, की आपण हसतो तेव्हा त्या घरात राबते कोण? दोन दिवसांनी तिने लिहिले, की लक्ष्मीबाई वडिलांना हसून सोडून देतात, पण त्या हसण्याची किंमत आईने चुकवलेली दिसते. हे विधान मला पूर्ण पटले नाही, तरीही त्यावर आम्ही तासभर वाद घातला. तपासताना आपणही समासात एवढेच लिहावे : ‘हे पुस्तकात कुठे आहे?’

क्रमाविषयी म्हणाल, तर कादंबरीने सुरुवात करू नये. आधी मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध घ्यावा. तो 1855 साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला, तेव्हा फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी ही मुलगी साधारण चौदा वर्षांची होती, म्हणजे आपल्या मुलीपेक्षाही लहान. वेद जर ब्राह्मणांचेच असतील, तर आमच्याजवळ धर्मपुस्तक नाही, आणि पुस्तक नाही तर आम्ही धर्मरहित ठरतो, अशी एकेक पायरी ती चढत जाते. मग थेट देवालाच विचारते, की तुझ्याकडून आलेला आमचा धर्म कोणता? घरावर छप्परही नसताना बाळंत होणाऱ्या बायकांना थंडीवाऱ्यात काय सोसावे लागते, हे ती वाचकासमोर आणून ठेवते. विधान आणि आधार यांचे नाते समजावणारा याहून चांगला नमुना मला शिकवताना सापडला नाही, आणि तो एका बैठकीत वाचून होतो.

उत्तर : दोन मुलांना घरी शिकवणारे वडील, पुणे

बाईंचे म्हणणे मान्य आहे, पण कादंबरी सोडून द्यावी असे मला वाटत नाही. ती वाचण्याची आपली गती चुकते. आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ही कादंबरी त्यातून क्रमशः आली. त्या काळच्या वाचकाला ती हप्त्याहप्त्याने मिळत होती, आणि आपण ती आठ दिवसांत संपवायला निघतो. आमच्या घरी रविवारी रात्री जेवणानंतर एकच हप्ता मोठ्याने वाचायचा, असा नियम होता. यमू स्वतःच्या तोंडाने कथा सांगते, त्यामुळे ती कानाने ऐकण्यात वेगळाच गोडवा आहे. तिचे मुंबईतले सुखाचे दिवस आले, तेव्हा माझी मुलगी म्हणाली, ‘बाबा, आता काहीतरी वाईट होणार.’ तिला तसे का वाटले, यावर मी दुसऱ्या दिवशी लिहायला सांगितले, आणि तो तिचा पहिला खरा निबंध ठरला.

थोरल्याची अडचण निराळी होती : तो बोलायचा छान, पण पेन हातात घेतले की भाषणातली वाक्ये कागदावर यायची. तेव्हा मी त्याचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित केले आणि तेच त्याला उतरवून काढायला लावले. बाईंच्या एका परिच्छेदाच्या आधीची ही पायरी समजावी.

आलवण, केशवपन, सोवळी असे शब्द आले की थांबून मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात पाहावे. त्याची दुसरी आवृत्ती 1857 ची आहे, त्यामुळे त्या काळच्या शब्दाला त्या काळचाच अर्थ मिळतो. खर्चाचीही चिंता नको : आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, आणि आपटे 1919 मध्ये, तर लक्ष्मीबाई 1936 मध्ये गेल्या.

परीक्षेचा निबंध हे स्वतंत्र कसब आहे. शेवटचे तीन महिने घड्याळ लावून सराव केला तर ते साधते. वर्षभर त्याच्याच मागे लागलात, तर आपण ज्याला कंटाळलात तोच साचा परत येईल.

उत्तर : मुद्रितशोधक, कोल्हापूर

एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवावी. पहिल्या वाचनात फक्त विधान आणि आधार पाहावेत, ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नये. ते शेवटच्या मसुद्यात. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 1962 चे चौदा नियम आणि 1972 मध्ये वाढवलेले चार, असे अठरा नियम दोन-चार पानांत मावतात. ती पाने भिंतीला चिकटवून मुलीलाच स्वतःचे शुद्धलेखन तपासू द्यावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर : नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. बाई, मुक्ता साळवेचा निबंध आम्ही काल वाचला. मुलीने आधी लिहिले, ‘मुक्ता फार चिडलेली आहे.’ मी समासात आपला प्रश्न लिहिला. बराच वेळ ती पान खालीवर करत बसली, मग तिने ते वाक्य खोडले आणि लिहिले, ‘मुक्ता देवाशी बोलते तेव्हा चिडलेली वाटते, पण शेवटी ती आपल्याच लोकांना ज्ञानाचे औषध घ्या म्हणते तिथे तिचा आवाज मऊ होतो.’ दोन्ही जागांखाली तिने पेन्सिलीने रेघ मारली आहे. आता एका परिच्छेदावरून दोनावर कधी जायचे, हे सांगाल का? पुण्याच्या दादांनी सुचवलेला रविवारचा हप्ता या आठवड्यापासून सुरू करत आहोत, आणि आजीनेही ऐकायला बसायचे कबूल केले आहे.