जानेवारीत स्पिती (हिमाचल), बसने जमेल का?

मी आणि बायको, पुण्याहून. मनालीवरून टॅक्सी करायची की शिमल्याहून बस? आणि तिथल्या लोकांच्या घरी राहायचंय, हॉटेल नको.

भटकभवानी: मनाली विसरा, कुंझुम पास (४५५१ मीटर) हिवाळ्यात बर्फाने बंद असतो. शिमला, रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा (स्पितीतलं मुख्य गाव) असंच जायचं. पिओहून काझाला सरकारी बस असते पण बर्फ पडला की मलिंग नाल्याजवळ अडकायची तयारी ठेवा, दोन दिवस जास्तीचे धराच. ताबोला एक मुक्काम करा म्हणजे विरळ हवेची सवय होते, शिवाय तिथला गोंपा (बौद्ध मठ) ९९६ सालातला, मातीच्या भिंतींवरची चित्रं बघून तोंडात बोटं जातात (आत फोटो काढू देत नाहीत).

सांगलीकर७: घरी राहायचं तर एक सांगतो, पाईप गोठतात, नळ विसरा. संडास कोरडा, म्हणजे फळीला भोक आणि वर फावड्याने माती टाकायची. वहिनींना आधीच सांगून ठेवा 😄 अख्खं घर तंदूरभोवती (खोली गरम ठेवणारी शेगडी) एका खोलीत राहतं, आम्हीही तिथेच पडून असायचो, आजी लोण्याचा खारट चहा ओतत राहायची, कप रिकामा दिसला की भरलाच! नको असेल तर भरलेला तसाच ठेवा आणि निघताना प्या.

भटकभवानी: हो आणि मणी-भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत) दिसली की ती उजव्या हाताला ठेवून चाला. रोख पैसे पिओलाच काढा.

प्रश्नकर्ता: धन्यवाद! संडासाचं अजून सांगितलं नाहीये घरी.