सेवेतील हृदयविकार आणि अपंगत्व पेन्शन

सौ. सूर्यवंशी, बी-२०४: नमस्कार. माझे धाकटे बंधू सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन उदगीरला स्थायिक झाले आहेत. सेवेत असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन स्टेंट बसवावा लागला. निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळाने ३० टक्के अपंगत्व लिहिले, तरीही अपंगत्व पेन्शन नाकारली गेली. टक्के कमी पडले असतील का? शिंदे काकांनी कृपया सांगावे.

शिंदे, निवृत्त सुभेदार: ताई, टक्के पुरेसे आहेत, कारण किमान अट २० टक्क्यांची असते. मंडळ दोन स्वतंत्र प्रश्नांवर मत देते: अपंगत्व किती, आणि ते सैनिकी सेवेमुळे उद्भवले किंवा बळावले का. आपले प्रकरण बहुधा दुसऱ्या प्रश्नावर अडले आहे. हृदयविकारात झटक्यापूर्वीच्या १४ दिवसांत जवानाकडे कोणते काम होते, याचा तपशील युनिटकडून मागवला जातो. अतिउंचावरील किंवा फील्डमधील तैनाती असल्यास दावा टिकतो, शांत छावणी असल्यास बहुधा फेटाळला जातो. वीस वर्षांच्या नोकरीचा ताण १४ दिवसांत जोखण्याची ही रीत मला तरी अपुरी वाटते. धर्मवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे की, भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे जडला, तर सैनिकाच्या बाजूने गृहीत धरावे आणि मंडळाला वेगळे म्हणायचे असल्यास त्याने कारणे लिहावीत.

डॉ. कुलकर्णी, ए-१०१: अमेरिकेत माजी सैनिकांचे टक्के ठरवताना श्रमक्षमता पाहतात. शांत बसलेल्या माणसाला लागणारी ऊर्जा म्हणजे एक मेट. ३ किंवा त्याहून कमी मेटच्या श्रमातच धाप लागली तर १०० टक्के, ३.१ ते ५ मेटला ६० आणि ५.१ ते ७ मेटला ३० टक्के दिले जातात.

सौ. सूर्यवंशी: आभारी आहे. आपल्याकडे दावा मान्य झाल्यास किती रक्कम मिळेल? ते २०१९ मध्ये सेवा पूर्ण करून निवृत्त झाले.

शिंदे: म्हणजे सप्टेंबर २०२३ पासूनचे नवे नियम त्यांना लागू नाहीत. ३० टक्के हे ५० धरले जातात, आणि राम अवतार प्रकरणातील २०१४ च्या निकालामुळे सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ मिळतो. १०० टक्क्यांना शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, म्हणून ५० ला १५ टक्के, आणि तेही सेवा पेन्शनशिवाय वेगळे. आधी मंडळाच्या कार्यवाहीची प्रत मिळवावी. अपिलाने काम झाले नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे अर्ज करता येतो. उशीर झाला असल्यास विलंबमाफीची विनंती सोबत जोडावी.