अनुभव धागा: कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमुळे तुमचं काम नेमकं कसं झालं?

जुलै उजाडला की अंतिम वर्षाच्या वर्गांत एकच विषय असतो: यंदा कॅम्पसला कोण येतंय? कॉलेजच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्या पॅकेजचा आकडा असतो. बाकीच्या मुलांना नोकरी मिळवून देताना टी अँड पीच्या (ट्रेनिंग अँड प्लेसमेंट सेलच्या) खोलीत काय चालतं, यावर मात्र फारसं कुणी लिहीत नाही. माझी भाची यंदा सातव्या सेमिस्टरला आहे, तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी विचारतेय. इंजिनिअरिंगच हवं असं नाही. कुणी काय केलं म्हणून तुमचं काम झालं, ते तपशिलात लिहा. तक्रारही चालेल, फक्त कॉलेज-कंपनीचं नाव नको.

मेकॅनिकल, सांगली जिल्हा

मी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलो, म्हणजे बारावी नाहीच. एका मोठ्या कंपनीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये बारावीच्या टक्क्यांचा रकाना सक्तीचा होता. तो रिकामा ठेवला की फॉर्म पुढे सरकेना. आम्ही डिप्लोमावाले सगळे टीपीओ (प्लेसमेंट अधिकारी) मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिलो. मॅडमनी तिथूनच एचआरला फोन लावला. डिप्लोमाचे टक्के त्याच रकान्यात भरायचे, हे त्यांच्याकडून मेलवर लेखी घेतलं आणि प्रत्येकाला प्रिंट दिली. कागदपत्रं तपासताना तिथल्या माणसाने खरंच हरकत घेतली, तेव्हा तीच प्रिंट पुढे केली.

पण मॅडमचं सगळ्यात मोठं काम म्हणजे मॉक इंटरव्ह्यू, म्हणजे सरावाच्या मुलाखती. आमच्यातली बरीच मुलं मराठी माध्यमाची, इंग्रजीत प्रश्न आला की घसा कोरडा पडायचा. मॅडम म्हणायच्या, "आधी तुझा प्रोजेक्ट मला मराठीत समजावून सांग. हेच मटेरियल का घेतलंस? लोड किती धरलास?" मराठीतही उत्तर आलं नाही, तर अडचण इंग्रजीची नसून अभ्यासाची आहे, हे त्या मुलालाच कळायचं. ज्याला मराठीत नीट सांगता यायचं, त्याच्याकडून तेच उत्तर छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत घोटून घ्यायच्या. कॉलेज सुटल्यावर, शेवटची एसटी निघेपर्यंत. बाहेरची एजन्सी बोलावून दोन दिवसांचं सॉफ्ट स्किल्सचं शिबिर घेतात, त्याने हे होत नाही. आपल्या मुलांना ओळखणारं माणूसच लागतं. आता मी चाकणला डिझाइनमध्ये आहे. फ्रेशरच्या मुलाखतीत माझे सर्वात जास्त प्रश्न प्रोजेक्टवरच असतात.

बी.एस्सी. रसायनशास्त्र, चिपळूणजवळ

आमच्याकडे सेल फक्त कागदोपत्री होता. विभागातल्या एका सरांनी मात्र माजी विद्यार्थ्यांची वही ठेवली होती: कोण लोटे परशुरामला, कोण महाडला, कोण तारापूरला, कारखान्यात क्यूसीत (मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागात) की प्रॉडक्शनला. जागा निघाली की सीनियरचा फोन सरांनाच यायचा. मग सर टायट्रेशन पुन्हा हातून करून घ्यायचे, कारण क्यूसीच्या मुलाखतीत सुरुवात तिथूनच होते. मला पहिली नोकरी त्या वहीतूनच मिळाली.

आणखी एक सांगायचंय. अप्रेंटिसशिप म्हणजे आयटीआयवाल्यांची, असा समज अजून आहे. अप्रेंटिसशिपच्या १९६१च्या कायद्यात १९७३च्या दुरुस्तीने इंजिनिअरिंगचे पदवीधर आणि पदविकाधारक आले, आणि २०१४च्या दुरुस्तीनंतर बी.एस्सी., बी.कॉम., बी.ए.वाल्यांनाही संधी मिळाली. नॅट्सच्या (केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या) पोर्टलवर नोंदणी करा. किमान विद्यावेतनातला अर्धा वाटा केंद्र सरकार उचलतं, त्यामुळे लहान कारखान्यालाही ते परवडतं. ही माहिती वर्गात येऊन सांगणं कॉलेजला अजिबात जड नाही, तरी कितीतरी ठिकाणी सांगितली जात नाही. याचा मला मनापासून राग येतो.

एम.ए. अर्थशास्त्र

आमच्या विभागात कंपनी कधीच आली नाही. करिअर कट्टा या कॉलेजांतल्या उपक्रमाची व्याख्यानं झाली, ती स्पर्धा परीक्षेवर. एखाद्या बँकेत किंवा सर्वेक्षणाच्या कामात इंटर्नशिप लावून दिली असती, तर खूप उपयोग झाला असता.

एम.एस., अमेरिका

इथे करिअर सेंटर नोकरी लावून देत नाही, ती शोधायला शिकवतं. हँडशेक या विद्यार्थ्यांसाठीच्या नोकऱ्यांच्या साइटवर जागा दिसतात, करिअर फेअर भरतो, अर्ज आपला आपण करायचा. माझ्या दोन पानी बायोडेटातून जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती काढून सल्लागार बाईंनी तो एका पानावर आणला. प्रत्येक ओळीत मी काय केलं आणि त्याने काय बदललं, एवढंच ठेवलं.

भाचीला पुढे इकडे यायचं असेल तर एवढं लक्षात ठेवायला सांगा. सीपीटी (शिकत असताना काम करण्याची परवानगी) आणि ओपीटी (मुख्यतः पदवीनंतर काम करण्याची परवानगी) यांची कागदपत्रं करिअर सेंटर करत नाही, ते काम आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसचं. दोन्हीकडे आधीपासून जात राहावं. ओपीटी १२ महिन्यांची, स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) पदवीला आणखी २४ महिने मिळतात. पण त्या वाढीव काळासाठी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कर्मचाऱ्याला कामाची परवानगी आहे का हे तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत) नोंदलेली असावी लागते. ऑफर स्वीकारण्याआधीच हे विचारायचं, हे मला त्या बाईंनीच सांगितलं.

एका कॉलेजचा टीपीओ

आमच्या बाजूनेही थोडं लिहितो. 'एक विद्यार्थी, एक ऑफर' या नियमावर मुलं चिडतात. पण पहिल्या रांगेतल्या त्याच चार मुलांनी सगळ्या ऑफर घेतल्या तर मागच्यांची पाळी येतच नाही. पगारात मोठा फरक असेल तर दुसऱ्यांदा बसू देतो. ऑफर घेऊन न कळवता गैरहजर राहू नका. पुढच्या वर्षी ती कंपनी आपल्या ज्युनियर्ससाठी येत नाही, आणि मग कितीही मेल पाठवले तरी उत्तर येत नाही.

दहावी, बारावी, पदवी सगळीकडे ६० टक्के आणि बॅकलॉग नको, ही अट आम्ही घालत नाही, कंपनी घालते. ५८-५९ वाल्यांसाठी आम्ही शब्द टाकतो, कधी ऐकतात, कधी नाही. म्हणून आपले टक्के आम्हाला खरे सांगा, आधी सांगा.

२०२०मध्ये जॉइनिंग पुढे ढकलली गेली तेव्हा पालकांचे फोन रात्रीपर्यंत यायचे. त्या मुलांची यादी आम्ही पासआउट झाल्यावरही चालू ठेवली आणि त्यातल्या बऱ्याच जणांना नंतर पूल कॅम्पसमधून (अनेक कॉलेजांच्या एकत्र भरतीतून) काम मिळालं.

धागाकर्ती

सर, पासआउट मुलं तुमच्याकडे अजूनही येऊ शकतात का?

एका कॉलेजचा टीपीओ

हो ताई. आमच्याकडे दोन वर्षांपर्यंत नाव ठेवतो. कॉलेज कुठलंही असो, ऑफिसात जाऊन विचारायला सांगा आणि नंबर बदलला तर तो आठवणीने कळवायला सांगा. गेल्या खेपेला एका मुलीची जागा केवळ फोन लागला नाही म्हणून गेली.