एक्स-रे नॉर्मल, तरी हाडात जंतुसंसर्ग असू शकतो का?

प्रश्न
वडिलांना मधुमेह आहे. पायाच्या अंगठ्याखालची जखम दीड महिना भरत नाही. एक्स-रे नॉर्मल आला. डॉक्टरांनी जखमेत सळई घालून पाहिली आणि एमआरआय सांगितला. जखमेवरचा स्वॅब लॅबला दिलाय. एक्स-रेत काहीच नाही, मग एवढा खर्च कशाला?

उत्तर १ (अस्थिरोग विभाग)
हो, असू शकतो. हाडातलं ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या एक्स-रेत काही उमटत नाही, आणि त्याला दोन-तीन आठवडे लागतात. जखम दीड महिन्याची असली तरी जंतू हाडापर्यंत कधी पोचले, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी त्याच कोनातून पुन्हा एक्स-रे काढून दोन्ही फिल्म शेजारी ठेवून पाहतात : हाडाची कड कुरतडलीय का, पुसट झालीय का.

सळईला कमी लेखू नका. निर्जंतुक, बोथट सळई जखमेच्या तळाशी हलकेच टेकवतात. कठीण, खरबरीत लागलं तर हाडाच्या संसर्गाची शक्यता बरीच वाढते. काय लागलं, ते डॉक्टरांना जरूर विचारा. ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ७०च्या वर असेल तर संशय आणखी बळावतो; पण अ‍ॅनिमिया किंवा किडनीच्या आजारातही तो चढतो, त्यामुळे एकट्या आकड्यावर निदान करत नाहीत.

उत्तर २ (रेडिओलॉजी)
हाडाच्या मगजातली सूज एमआरआयमध्ये लवकर दिसते. त्यासाठी बहुतेक वेळा कॉन्ट्रास्टही (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) लागत नाही. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर कॉन्ट्रास्टबद्दल आधीच बोलून घ्या. फसगत होते ती शार्को पायात. मधुमेहाने सांधे ढासळतात तेव्हाही अशीच सूज दिसते.

उत्तर ३ (मायक्रोबायोलॉजी)
स्वॅबच्या रिपोर्टवर हाडाचं औषध ठरवू नये. वर वाढणारे जंतू आणि हाडातले जंतू अनेकदा वेगळे निघतात. खात्री हवी तर हाडाचा तुकडा लागतो, तोही शक्यतो जखमेतून नव्हे तर शेजारच्या निरोगी त्वचेतून घेतलेला. तुकडे दोन हवेत : एक निर्जंतुक डबीत कल्चरला (जंतू वाढवून ओळखायला), दुसरा फॉर्मलिन या टिकवण्याच्या द्रावणात पॅथॉलॉजीला. गडबडीत दोन्ही फॉर्मलिनमध्ये टाकले जातात, जंतू मरतात आणि कल्चर 'निगेटिव्ह' येतं. क्षयाचा संशय असेल तर त्याच वेळी सीबीनॅट या क्षयाच्या जंतूंच्या तपासणीलाही नमुना पाठवायला सांगा.

अँटिबायोटिक चालू असतानाही कल्चर खोटं निगेटिव्ह येऊ शकतं. प्रकृती स्थिर असेल तर डॉक्टर बायोप्सीआधी, म्हणजे हाडाचा तुकडा घेण्याआधी, शक्यतो दोन आठवडे ते थांबवतात. तुम्ही आपल्या मनाने बंद करू नका. ताप आला किंवा लाली वर चढू लागली तर त्याच दिवशी दाखवा.