नागपूरच्या उन्हाळ्यासाठी सिंथेटिक ऑइल: ५डब्ल्यू-३० की २०डब्ल्यू-५०?

प्रश्न (नागपूर)

नमस्कार. माझी गाडी २०१७ सालची आहे. इंजिन १.२ लिटरचे, पेट्रोलचे आणि टर्बो नसलेले असून आजवरचे रनिंग ७८,००० किलोमीटर झाले आहे. रोज घर ते कार्यालय असा जाऊन-येऊन बारा किलोमीटरचा प्रवास होतो आणि महिन्यातून एकदा आई-वडिलांना भेटायला अमरावतीला जाणे होते. पुढच्या महिन्यात ऑइल बदलायचे असून या खेपेस प्रथमच पूर्ण सिंथेटिक ऑइल घालावे असा विचार आहे.

अडचण ग्रेडची, म्हणजे ऑइलचा दाटपणा सांगणाऱ्या आकड्यांची आहे. गाडीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० सांगितले आहे आणि बॉनेट उघडल्यावर ऑइलच्या टोपणावरही तेच आकडे कोरलेले दिसतात. मात्र ज्या मेस्त्रींकडे मी गेली चार वर्षे विश्वासाने गाडी देत आलो आहे, त्यांचे म्हणणे असे की, मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर जाणाऱ्या विदर्भात ३० नंबरचे ऑइल पातळ पडते, म्हणून २०डब्ल्यू-५० किंवा निदान १०डब्ल्यू-४० घालावे. मागच्या उन्हाळ्यात अमरावतीहून भर दुपारी परतल्यावर मी स्वतः ऑइलची पातळी मोजायची कांडी काढून पाहिली होती, तेव्हा तिच्या टोकावरून ऑइल अक्षरशः पाण्यासारखे ओघळत होते. त्यामुळे त्यांचे म्हणणे मला सहजासहजी खोडून काढता येत नाही. जाणकारांनी कृपया कारणांसह मार्गदर्शन करावे.

उत्तर (पुणे)

मी वंगण-तेलांच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केले आहे आणि हा प्रश्न दर उन्हाळ्यात ऐकतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण कांडीवर जे पाहिले ते खरे आहे. परंतु ते ऑइल बिघडल्याचे किंवा ग्रेड चुकल्याचे लक्षण नाही. तासाभराच्या प्रवासानंतर इंजिनाच्या तळच्या चेंबरमधील ऑइल साधारण ९० ते ११० अंशांवर असते आणि त्या तापमानाला ते तसेच वाहावे, हे गृहीत धरूनच इंजिन घडवलेले असते. बाहेर ४६ अंश असोत की डिसेंबरातले १० अंश, थर्मोस्टॅट आणि पंखा मिळून इंजिनाचे तापमान जवळपास एकाच पातळीवर राखतात. उन्हाळ्यात ऑइल काही अंशांनी अधिक तापते हे मान्य, पण हवा ३५ अंशांनी तापली म्हणून ऑइलही ३५ अंशांनी अधिक तापते असे होत नाही.

आता आकड्यांकडे पाहू. एसएई या अमेरिकेतील वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या वर्गीकरणात डब्ल्यूनंतरचा आकडा १०० अंशांना ऑइल किती दाट असते हे सांगतो. ३० ग्रेडसाठी ही मर्यादा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक; आकडा जितका मोठा तितके ऑइल दाट), ४० साठी १२.५ ते १६.३ आणि ५० साठी १६.३ ते २१.९ अशी आहे. चांगल्या ५डब्ल्यू-३० ऑइलची डेटाशीट काढून पाहिलीत, तर १०० अंशांना सुमारे ११ आणि ४० अंशांना ६० ते ६५ सेंटिस्टोक असे आकडे आढळतील. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा: मे महिन्याच्या दुपारी उन्हात उभी असलेली आपली गाडी सुरू करताना तिच्यातले ऑइल कामाच्या वेळेपेक्षा चार-पाच पट दाट असते. नागपूरच्या उन्हातसुद्धा सुरू होतानाची अडचण ऑइल जास्त दाट असण्याची असते, पातळ असण्याची नव्हे. २०डब्ल्यू-५० हेच ४० अंशांना दीडशेच्या आगेमागे असते आणि हिवाळ्यातल्या सकाळी कितीतरी अधिक.

दाट ऑइलने काय बिघडते, हाही रास्त प्रश्न आहे. क्रँकशाफ्ट आणि तिच्या बेअरिंगमधील फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी असते. त्या फटीतून ऑइलने अखंड वाहत राहावे लागते, कारण ते भाग वेगळे ठेवण्याबरोबरच तिथली उष्णता वाहून नेण्याचे कामही तेच करते. ऑइल दाट असले की काट्यावर दाब वाढलेला दिसतो आणि माणसाला बरे वाटते. प्रत्यक्षात पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून बरेचसे ऑइल बेअरिंगपर्यंत न पोहोचता परत फिरते. शिवाय व्हॉल्व्हचे टायमिंग ऑइलच्या दाबावर बदलणारी यंत्रणा आपल्या इंजिनात असेल, तर तिच्या बारीक वाटा पुस्तिकेतील ग्रेड धरूनच आखलेल्या असतात.

डब्ल्यूआधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज हलते ते सांगतो. आपल्याकडे ५डब्ल्यू आणि १०डब्ल्यू यांतला फरक फारसा जाणवणार नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. सिंथेटिकचा खरा लाभ दुसरीकडे आहे. ते उष्णतेने लवकर ऑक्सिडाइज होत नाही, त्याचे बाष्पीभवन कमी होते आणि दाटपणा टिकवण्यासाठी त्यात पॉलिमरची भर तुलनेने कमी घालावी लागते, त्यामुळे हजारो किलोमीटरनंतरही ग्रेड टिकून राहतो. उन्हाळ्याची काळजी असेल तर ग्रेड वाढवू नका, ऑइलचा दर्जा वाढवा. डब्यावर एपीआय एसपी, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची एसपी ही दर्जाची श्रेणी, असे लिहिलेले पाहून घ्यावे. २०२० साली आलेली ही श्रेणी आधीच्या एसएन आणि एसएम या श्रेणी सांगितलेल्या पेट्रोल इंजिनांनाही चालते.

उत्तर (कोल्हापूर)

मी गॅरेज चालवतो. पुण्याच्या सदस्यांनी लिहिलेले मला पटते, तरीही मेस्त्रींच्या बाजूने दोन शब्द सांगणे मला आवश्यक वाटते. आमच्या पिढीने ज्या गाड्यांवर काम शिकले त्यांना २०डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० हीच ऑइले घातली जात. त्या इंजिनांच्या फटी मोठ्या होत्या, ऑइल खनिज होते आणि उन्हाळ्यात ते खरोखर लवकर उतरत असे. त्यांचा सल्ला अनुभवातून आलेला आहे, फक्त तो अनुभव वेगळ्या इंजिनांचा आहे.

दुसरे असे की, इंजिन ऑइल खात असेल तर एक पायरी वर जाण्यात अर्थ असतो, पण तीही पुस्तिकेत त्या ग्रेडला परवानगी असेल तरच. म्हणून आधी मोजमाप करावे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटे थांबून कांडी पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून पातळी पाहावी आणि किलोमीटरची नोंद ठेवावी. हजार किलोमीटरला पातळी वरच्या खुणेवरून अर्ध्यावर येत असेल, तर प्रथम पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या तळातील वायू बाहेर काढणारा) तुंबला आहे का आणि टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, गॅस्केट ओले आहे का, हे तपासून घ्यावे. मागे एका ग्राहकाच्या गाडीत आवाज दबावा म्हणून दुसरीकडे दाट ऑइल घातले गेले होते. आवाज दबला, पण इंजिनाची टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर निकामी झालेला तसाच राहिला आणि पुढे संपूर्ण चेन किट बदलावे लागले.

आणखी एक विनंती. ऑइल सीलबंद डब्यात घ्यावे, आपल्यासमोर उघडायला सांगावे आणि रिकामा डबा छिद्र पाडूनच टाकावा. चांगल्या डब्यांत भरलेले बनावट ऑइल ही आमच्या धंद्यातली खरी डोकेदुखी आहे आणि त्यापुढे ३० की ४० हा वाद फार लहान आहे.

उत्तर (एडमंटन, कॅनडा)

डब्ल्यूआधीच्या आकड्याचे महत्त्व इथे आल्यावर मला समजले, म्हणून लिहितो. जानेवारीत आमच्याकडे पारा उणे ३० पर्यंत उतरतो. रात्री इंजिन ऊबदार ठेवण्यासाठी गाडीची वायर विजेच्या खांबाला जोडावी लागते. ०डब्ल्यू ऑइल उणे ४० अंशांना, ५डब्ल्यू उणे ३५ अंशांना आणि २०डब्ल्यू उणे २० अंशांना पंपाने ओढले जाते का, याची चाचणी झालेली असते. नागपूरला यातल्या कशाचीच गरज पडत नाही. मात्र इथल्या जुलैत, ३० अंशांवरही, माझ्या गाडीत तेच ०डब्ल्यू-२० असते, कारण निर्मात्याने वर्षभरासाठी तेच सांगितले आहे.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)

हा धागा वाचून कोणी डिझेल गाडीसाठी निर्णय घेणार असेल, तर एक सावधगिरी सुचवतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ऑइलमधील काही रसायनांची राख त्यात साठते आणि ती जाळूनही जात नाही. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचे ऑइल लागते, जसे एसीईए या युरोपीय वाहन-निर्मात्यांच्या संघटनेच्या सी२ किंवा सी३ श्रेणीचे. दोन डब्यांवर ५डब्ल्यू-३० असेच लिहिलेले असते, तरी ते एकमेकांच्या जागी चालतीलच असे नाही. सी३ मध्ये १५० अंशांवरील चाचणीत दाटपणा किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद (सेंटिस्टोकपेक्षा वेगळे एकक) असावा लागतो, तर साध्या ३० ग्रेडला २.९ पुरतो. शहरात तुटक-तुटक चालणाऱ्या डिझेल गाडीत डीपीएफच्या सफाईच्या वेळी इंधन ऑइलमध्ये उतरून पातळी वाढू शकते. कांडीवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसले, तर ते शुभलक्षण समजू नये.

प्रश्नकर्ता (नागपूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कोल्हापूरच्या सदस्यांनी सांगितल्याप्रमाणे तीन आठवडे नोंद ठेवली. अमरावतीच्या दोन फेऱ्या धरून ९४० किलोमीटर झाले आणि कांडीवरील पातळी वरच्या खुणेपासून जेमतेम दोन मिलिमीटर खाली आली, म्हणजे इंजिन ऑइल खात नाही. काल मेस्त्रींनाच सोबत घेऊन एपीआय एसपी श्रेणीचे सिंथेटिक ५डब्ल्यू-३० आणले आणि फिल्टरसह बदलून घेतले. ४० अंशांना ६० आणि १०० अंशांना ११ हे आकडे मी त्यांना डेटाशीटवर दाखवले, तेव्हा त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि २०डब्ल्यू-५० ची डेटाशीट मिळेल का, असे विचारले. ती आज त्यांना पाठवत आहे.

एक शंका उरली आहे. रोजचा प्रवास जेमतेम बारा किलोमीटरचा असल्याने ऑइल पूर्ण तापतच नसावे. अशा वापरात पुस्तिकेतील १०,००० किलोमीटर पूर्ण होण्याची वाट पाहावी, की वर्ष झाले की बदलावे?

उत्तर (पुणे)

वर्ष झाले की बदलावे. छोट्या फेऱ्यांत ऑइलमध्ये उतरलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ पुरेशी बाहेर पडत नाही. आपल्या अमरावतीच्या मासिक फेरीने ते बऱ्यापैकी उडून जाते, ही चांगली गोष्ट आहे. तरीही पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने या दोहोंपैकी जे आधी येईल ते धरायला सांगितलेले असते आणि आपल्या वापरात महिनेच आधी येतील.