नव्या अभ्यासिकेला जवानाचं नाव द्यावं का?

अक्कलकोट रोडकर (धागाकर्ता):
सोलापुरात आमच्या भागातली सार्वजनिक अभ्यासिका बांधून होत आली. रंग झाला, आता टेबलं आणि पंखे तेवढे यायचे राहिलेत. आमच्या गल्लीतला एक मुलगा फौजेत होता, काश्मीरमध्ये शहीद झाला. अभ्यासिकेला त्याचं नाव द्यावं, अशी आम्हा काही जणांची मागणी आहे. घरच्यांचा होकार आहे, पण निर्णय होईपर्यंत नाव चर्चेत नको म्हणाले, म्हणून इथे लिहीत नाही.

आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. घर दोन खोल्यांचं, त्यातल्या एका खोलीत विडीची पानं आणि सुपं. भरतीच्या वेळी पहाटे पार्कवर पळून यायचा आणि लेखी परीक्षेचा अभ्यास देवळाच्या ओट्यावर, बाहेरच्या दिव्याखाली करायचा. गल्लीत अभ्यासिका असती तर तिथे सगळ्यात आधी तोच जाऊन बसला असता. दुसऱ्या कुठल्या इमारतीसाठी मी एवढा आग्रह धरला नसता.

बैठकीत दोन तट पडले. काहींचं म्हणणं, नुसतं ‘सार्वजनिक अभ्यासिका’ ठेवा, नावाच्या भानगडीत पडू नका. मोकळेपणाने लिहा.

बाळीवेस:
माझा विरोध आहे, आणि तो त्या मुलाबद्दल आदर आहे म्हणूनच आहे. आपल्या गावात दिलेली नावं कागदावर राहतात. रिक्षावाल्याला इंदिरा गांधी स्टेडियम सांगा, तो विचारतो, "पार्क का?" धर्मवीर संभाजी तलाव म्हणा, लोक म्हणणार कंबर तलाव. सरकारी दवाखान्याला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आहे, तरी पेशंटला "सिव्हिलला नेलं" असंच सांगतात. एवढ्या मोठ्या नावांची ही गत, तर गल्लीतल्या पोराच्या नावाचं काय होणार? दोन वर्षांनी सगळे "टाकीजवळची अभ्यासिका" म्हणतील. आई-वडिलांनी रोज तिथून जायचं आणि कुणाच्याच तोंडी मुलाचं नाव नाही हे ऐकायचं, त्यापेक्षा न दिलेलं बरं.

सात रस्ता:
बाळीवेसकाका, तुमची तिन्ही उदाहरणं मागून दिलेल्या नावांची आहेत. लोकांच्या तोंडी एक नाव आधीच बसलेलं होतं, त्यावर दुसरं चढवलं. पहिल्या दिवसापासून असलेलं नाव मात्र टिकतं. डफरीन चौकच घ्या. व्हॉइसरॉय गेला, इंग्रज गेले, तरी आपण अजून डफरीन चौकातच भेटतो की ओ. पुण्याच्या गाडीला ‘हुतात्मा’ नाव दिलं, तर आज कुणी सोलापूर-पुणे इंटरसिटी म्हणतं का? "सकाळच्या हुतात्मानं जातो" असंच म्हणतो आपण. ही इमारत नवी आहे. उद्घाटनाआधी नाव लागलं तर तेच चालेल, सहा महिने बिननावाची राहिली तर टाकीजवळचीच होईल. द्यायचं असेल तर आत्ताच.

बाळीवेस:
हुतात्मा एक्स्प्रेसचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. त्या डब्यात बसलेल्या कॉलेजच्या पोरांना चार हुतात्म्यांची नावं विचारून बघा. त्यांच्या चार पुतळ्यांपाशी रोज भेटणाऱ्यांनाही विचारा. ‘चार’ हा आकडा टिकला, माणसं गळून पडली.

अक्कलकोट रोडकर:
काका, हे मला खरंच लागलं. इथे वाचणाऱ्या पोरांसाठी आधी ती नावं लिहितो: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. 1930 च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटलं आणि इंग्रजांनी इथे मार्शल लॉ लावला. 12 जानेवारी 1931 रोजी येरवडा तुरुंगात चौघांना फाशी दिली. कुर्बान हुसेन तेव्हा विशीतले, गिरणी कामगारांमध्ये काम करायचे आणि ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवायचे. ऐन सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे दिवस असतात ते. सकाळी पुतळ्यांना हार घातले जातात आणि संध्याकाळी सगळं गाव होम मैदानावर.

पण यात दोष पुतळ्याचा कसा? पुतळा आहे म्हणून निदान मुलगा बापाला विचारतो, हे चौघे कोण. बापाला सांगता येत नसेल तर बापाला शिकवायला हवं. पुतळाच नसता तर प्रश्नही आला नसता.

माजी सैनिक, बार्शी:
मी फौजेतून निवृत्त आहे, आणि तुम्हाला वाटेल मी हो म्हणेन. मी नाही म्हणतोय.

दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक 2019 मध्ये झालं. तिथल्या भिंतींवर ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेक नाव आहे. शिपाई असो की अधिकारी, वीट सारख्याच मापाची. मला ते फार योग्य वाटतं. तुम्ही एका इमारतीला एक नाव देता तेव्हा पुढच्या गल्लीतली आई विचारते, माझ्या पोराचं काय? तो आजारी पडून गेला असेल, सियाचिनच्या थंडीत गेला असेल, गाडी दरीत कोसळून गेला असेल. त्याची मिरवणूक निघाली नाही, टीव्हीवर बातमी आली नाही. त्याचं घरदेखील तितकंच रिकामं झालं. नाव देताना आपण घराघरांत उतरंड लावतो. अभ्यासिकेत एक भिंत राखा, तुमच्या भागातून सेवेत असताना गेलेल्या सगळ्यांची नावं तिथे लावा. इमारतीला नाव नको.

सात रस्ता:
साहेब, तुमचा मान राखून विचारतो. अंदमानातल्या 21 बेटांना 2023 मध्ये परमवीर चक्र विजेत्यांची नावं दिली. मग तेही चुकलं का?

माजी सैनिक, बार्शी:
नाही चुकलं. परमवीर चक्र ठरवायला पद्धत आहे. साक्षी-पुरावे होतात, शिफारस खालून वर जाते, प्रत्येक पायरीला तपासली जाते. तुमच्या गल्लीत कोण ठरवणार? ज्याची ओळख जास्त तो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

सांगोला तालुका:
मी या विषयावर कधी लिहीत नाही. माझे मिस्टर सेवेत असताना गेले. गावातल्या शाळेला त्यांचं नाव दिलं. दीर, सासरे, गावची मंडळी सगळे बसले, ठरलं, आणि मला कळलं ते कार्यक्रमाच्या पत्रिकेवरून.

माझा मुलगा त्याच शाळेत शिकला. वर्गात शिरताना दारावर वडिलांचा फोटो. मार्क कमी पडले की गुरुजी म्हणायचे, "कुणाचा मुलगा आहेस बघ." नऊ-दहा वर्षांच्या पोरावर केवढं ओझं! चांगल्या भावनेनंच म्हणायचे, मला माहीत आहे. पण तो पाचवीत म्हणाला, आई मला दुसऱ्या शाळेत घाल.

तरी मी विरोध करत नाही. 26 जानेवारीला गावातली लहान मुलं त्यांचं नाव घेऊन घोषणा देतात तेव्हा मला बरं वाटतं, खोटं कशाला सांगू. एवढंच म्हणते, दादा, तुम्ही "घरच्यांचा होकार" लिहिलंय. घरचे म्हणजे कोण? त्याचं लग्न झालं होतं का? झालं असेल तर त्या मुलीला वेगळं बसवून विचारा. सासू-सासऱ्यांसमोर ती हो म्हणेलच.

अक्कलकोट रोडकर:
ताई, लग्न झालं होतं. ती सध्या माहेरी असते. होकार आई-वडिलांनी दिलाय. तिच्याशी आम्ही बोललेलो नाही. येत्या रविवारी माझी बायको आणि मी तिच्याकडे जातोय. ती नाही म्हणाली तर अर्ज पुढे जाणार नाही.

जुळे सोलापूर:
एक वेगळी माहिती देतो. अमेरिकेत पोस्ट ऑफिसांना शहीद सैनिकांची नावं देण्याची मोठी प्रथा आहे. प्रत्येक नावासाठी संसदेत कायदा करावा लागतो, आणि खालच्या सभागृहात रीत अशी की त्या राज्याच्या सगळ्या खासदारांची सही लागते, मग पक्ष कुठलाही असो. पोस्टाचं कामकाजातलं नाव मात्र बदलत नाही, पत्ता तोच राहतो. आत एक फलक लागतो. पत्र टाकायला गेलेला माणूस तो वाचतो. मला यातली सगळ्यांच्या सहीची अट आवडते. भागातल्या सगळ्या पक्षांची, सगळ्या मंडळांची सही अर्जावर घ्या. एकानेही अडवलं तर थांबा.

कन्ना चौक:
जुळे सोलापूर, एकाने अडवलं तर थांबायचं म्हणजे इथे कधीच काही होणार नाही. बहुमत पुरे.

मला भीती वेगळीच आहे. कोनशिला. डोळ्यांसमोर आणा बरं. वर ‘शुभहस्ते’, खाली ‘प्रमुख उपस्थिती’, मग ‘विशेष सहकार्य’, अशी डझनभर नावं. जवानाचं नाव त्यांच्यामध्ये कुठेतरी एका ओळीत. नाव द्यायचंच तर कोनशिलेवर फक्त त्याचं नाव, पलटण, गाव आणि तारीख. उद्घाटन करणाऱ्यांनी हवं तर वेगळा दगड बसवावा, पायरीपाशी.

आणि मराठीबरोबर तेलुगू, कन्नडमध्येही लिहा. त्याच्या आईला वाचता यायला हवं.

बाळीवेस:
कोनशिलेचं पटलं, पूर्ण पाठिंबा. इमारतीच्या नावाला माझा विरोध कायम आहे. भागातल्या एखाद्या पोलिसाचं, अग्निशमन दलातल्या जवानाचं काय? तुकाराम ओंबळे पोलीसच होते ना. 26/11 च्या रात्री हातात फक्त लाठी घेऊन एके-47 ची नळी धरून ठेवली त्यांनी. गिरगाव चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे, कोळ्याच्या (स्पायडरच्या) एका नव्या प्रजातीलाही त्यांचं नाव दिलंय. पण प्रत्येक पोलिसाला अशोक चक्र मिळत नाही. बार्शीच्या साहेबांची भिंत मला सगळ्यात न्याय्य वाटते.

अक्कलकोट रोडकर:
भिंत करूच. त्यात वाद नाही, उद्याच्या बैठकीत मी स्वतः मांडतो, पोलीस आणि अग्निशमनसकट. पण दारावर नाव हवंच, काका, यावर मी ठाम आहे. भिंत आत शिरलेल्याला दिसते. विडीच्या कारखान्यातून परतणाऱ्या बाईला, शाळेतून घरी जाणाऱ्या पोराला दार दिसतं. आणि हे नाव कुण्या मोठ्या माणसाचं नाही, त्यांच्याच शेजारच्या घरातलं आहे. इथल्या पोरांना ते कळायला हवं.

बाळीवेस:
मांडा. मीही येतो बैठकीला, विरोधात बोलायला.