निकॉन सोडून सोनी घ्यावा का?

प्रश्न (इंदूर): गेली नऊ वर्षे मी निकॉनच्या डी७५० या आरशाच्या कॅमेऱ्यावर लग्नांची कामे करीत आहे. मांडवातल्या मंद उजेडात वधूच्या डोळ्यांवर फोकस टिकत नाही, म्हणून सोनीचा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घेण्याचा विचार आहे. मात्र ८५ मिमी १.८ डी आणि ८०-२०० मिमी २.८ डी या माझ्या जुन्या लेन्सवर माझा फार जीव आहे. काय करावे?

उत्तर: आपली अडचण ब्रँडची नसून आरशाच्या कॅमेऱ्याची आहे, असे मला वाटते. डी७५० चे ५१ फोकसबिंदू चौकटीच्या मधोमध दाटलेले असतात. डोळा ओळखणारा फोकस निकॉनच्या झेड या मिररलेस मालिकेतही मिळतो. परंतु आपल्या दोन्ही लेन्सना फोकस फिरवणारी स्वतःची मोटर नाही आणि जुन्या लेन्स झेडला जोडणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही ती नसल्यामुळे, झेडवर त्यांचा फोकस हातानेच करावा लागेल. म्हणजे लेन्ससाठी निकॉनमध्येच राहण्याचे कारण आपल्या बाबतीत बरेच लंगडे पडते.

दुसरे उत्तर: मी निकॉनहून कॅननकडे गेलो, तेव्हा लेन्सची कडी उलट्या दिशेने फिरते हे ठाऊक असूनही, मंगलाष्टके संपून अंतरपाट खाली आला त्या क्षणी माझा हात जुन्याच सवयीने वळला आणि ते छायाचित्र कायमचे हुकले. म्हणून ऐन लग्नसराईत बदल करू नका. आधी कॅमेरा भाड्याने घेऊन इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यापाशी, गर्दीतल्या धावत्या चेहऱ्यांवर तो पारखा. मात्र गुलालात लेन्स मुळीच बदलू नका.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. सोनी आणि झेड, दोन्ही कॅमेरे भाड्याने घेऊन पाहीन. ८५ मात्र विकणार नाही.